सोजरमावशीची धुराडी

कुणाच्या घरी गेलं की आपण आधी माणसांकडे बघतो. सोजरमावशी आधी आढ्याकडे बघायची. पत्रा कुठे काळा पडलाय, किती पडलाय, काजळी कोरडी आहे की चिकट, हे सगळं बघून झालं की मग ती घरातल्या बाईकडे वळायची आणि विचारायची, "खोकला कधीपासून हाय?" बाईला खोकला आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसायचं. बाई बिचारी चहा टाकायला निघालेली असायची, ती तिथेच थबकायची.

परळी तालुक्यात, धर्मापुरीपासून आत एका वाडीवर मी आठ वर्षं शिक्षिका होते. दोन खोल्यांची शाळा, समोर मारुतीचं देऊळ, मागे माळ. दसरा झाला की निम्मी वाडी ऊसतोडीला जायची आणि शाळेत आजीपाशी ठेवलेली पोरं तेवढी उरायची. पहिल्याच वर्षी मी आईला सोबत नेलं. आई संधिवाताची. थंडीनं तिचे गुडघे धरायचे, म्हणून मी बीडहून आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आणला. तो मोरीत पेटवायचा, पाणी तापलं की त्यातले निखारे घमेल्यात काढायचे, घमेलं आईच्या खाटेखाली सरकवायचं आणि दार-खिडकी घट्ट लावून घ्यायची, असा आमचा थाट होता. मी शिकलेली बाई. बंद खोलीत शेगडी पेटवू नये, हे पोरांकडून पाठ करून घेणारी.

एका सकाळी दार ढकलून एक काळीसावळी, उंच बाई आत आली. नऊवारीचा ओचा कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत मातीचे हात. ना ओळख ना देख. तिनं आढ्याकडे पाहिलं, खाटेखाली पाहिलं, पायानंच घमेलं बाहेर ओढलं आणि मला म्हणाली, "बाई, आईला शेकताय का मारताय?"

मला राग आला. मी म्हटलं, "धूर कुठे आहे? धूर गेल्यावरच आत घेते मी."

"त्येच तर. धूर बरा. खोकलवून, रडवून माणसाला भाईर तरी काढतो. निखारा काय सांगत न्हाई. गुमान असतो आन् गुमान नेतो."

आई खाटेवरून म्हणाली, "सकाळी डोकं जड होतं गं माझं." मला ते वयाचं वाटत होतं.

त्याच दिवशी दुपारी ती सिमेंटचा पाईप घेऊन आली. म्हणजे पाईप माझ्याच डोक्यावर होता. तिचा नियम होता तो. ज्या घरात धुराडं बसवायचं, त्या घरातल्या बाईनं पाईप स्वतः उचलून आणायचा. "वजन कळलं की मग जपती," म्हणायची. तिनं एक उदबत्ती पेटवली आणि खोलीभर फिरली. दाराशी धूर कुठे झुकतो, खिडकीशी कुठे, कोपऱ्यात कुठे घोटाळतो, हे बघत ती इतका वेळ फिरली की आईला वाटलं पूजाच चालली आहे, तिनं हात जोडले. मग मावशीनं बंबाची जागा ठरवली. पाईप पत्र्यातून वर काढला, आणि तो छपराच्या कण्याच्या वर दोन हात गेला की नाही हे बघायला घरमालकाला तीनदा शिडीवर चढवलं. पाईप लाकडाला टेकू द्यायचा नाही, मध्ये वीतभर जागा सोडायची. वळण एकच द्यायचं. "धुराला दोन वळणं दिली की तो माघारी येतो. म्हाताऱ्या माणसासारखं हाय त्येचं, सरळ वाट दाखवली की गुमान जातो."

हे सगळं ती फार वर्षांपूर्वी परळीत झालेल्या एका सरकारी शिबिरात शिकली होती. वाडीतून आठ जणी गेल्या होत्या. बाकीच्या सात जणी तिथल्या जेवणाची चव अजून सांगायच्या. सोजरमावशी चूल शिकून आली. तिच्या आईची नजर चाळिशीतच गेली होती. लोक मोतीबिंदू म्हणायचे, मावशी धूरच म्हणायची. त्या आईला चुलीपुढे चाचपडताना बघून ती मोठी झाली होती. पुढे नवरा लवकर गेला, एक मुलगी पदरात. शेत नावालाच. पण गवंड्यानं बांधलेली चूल पाडून पुन्हा बांधायला लावणारी बाई म्हणून पाच-सहा वाड्यांत तिचं नाव होतं. आता घरोघरी गॅस आलाय म्हणतात. आमच्या वाडीवर गॅस पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी चुलीवरच.

धुराड्याच्या बाबतीत ती कुणाची भीड ठेवायची नाही. गावचे पुढारी तात्या यांनी बंगला बांधला. काकूंना मागच्या स्वयंपाकघरात चूल हवी होती, म्हणून मावशीला बोलावणं गेलं. तात्या म्हणाले, पाईप भिंतीतूनच आडवा काढ, गच्चीवर गेला तर समोरून दिसतो, बंगल्याची शोभा जाते. मावशी म्हणाली, "तात्या, धूर काय तुमच्या बंगल्याचा मान ठेवतो व्हय?" आणि उदबत्ती विझवून घरी आली. गवंड्यानं पाईप भिंतीतून काढला. पुढे तात्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला. सगळा धूर उलटून दिवाणखान्यात आला. मुलाकडची मंडळी डोळे पुसत बसलेली पाहून मुलीच्या आत्याला वाटलं, बोलणी फिसकटली. दुसऱ्या दिवशी मावशीला न्यायला गाडी आली. ती गेली, पण तात्यांशी अवाक्षर बोलली नाही. काकूंनाच विचारलं, "वैनी, तुमाला शोभा पाहिजे का डोळे?" पाईप गच्चीवर गेला. तात्यांनी त्याला बंगल्याच्या रंगाचा रंग दिला, एवढाच त्यांचा विजय.

दर अमावस्येला ती फेरी मारायची. अमावस्येला कुणी नवं काम काढत नाही, बाया घरी सापडतात, म्हणून तिनं तो दिवस धरला होता. दोरीला दगड आणि काथ्याचा बोळा बांधून पाईपातून वरखाली ओढायचा, खालच्या भोकातून काजळी काढायची. एखादीनं टाळाटाळ केली की मावशी तिच्या दारात बसून राहायची. भांडायची नाही, नुसती बसायची. अशा माणसाला किती वेळ चहा पाजणार? बाई निमूट बोळा ओढायची.

आणि दसऱ्याला पोती. हे आमच्याकडचंच. घर सहा महिने बंद राहणार, मग मोकळ्या पाईपात साळुंक्या घरटी करतात, अवकाळी पाऊस चुलीत उतरतो, बांधलेली चूल विरघळते. म्हणून निघण्याआधी पाईपाच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबायचा. ही युक्तीही मावशीचीच. परत आल्यावर गड्यांनी आधी पोतं काढायचं, मग कुलूप काढायचं, असा तिनं दंडक घातला होता. ट्रॅक्टर सुटायच्या धांदलीत गड्यांना वेळ नसायचा, तेव्हा ती स्वतः शिडी घेऊन पत्र्यावर चढायची. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ती पोती दिसायची. इतकी वर्षं मी ती रोज पाहिली आणि एकदाही माझ्या मनात काही आलं नाही. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

तिची मुलगी मंगल ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दिली होती. जावई अंकुश, त्याचे आईवडील आणि मंगल, चौघंही ऊस तोडायला जायचे. मंगलची मुलगी आरोही त्या काळात मावशीजवळ. पाच वर्षांची, पहिलीत माझ्याच वर्गात. मावशी तिला शाळेत सोडायला यायची ती पाठीवर बसवून. मी म्हणायचे, अगं चालू दे तिला. "पाय हायेत तिला, माहीत हाय मला," म्हणायची आणि तशीच यायची. पोरगी तिच्या खांद्यावरून पत्र्यांवरची धुराडी मोजायची. एवढ्या कडक बाईला तेवढं एक मऊ ठिकाण होतं.

त्या वर्षी मंगल पोटुशी असतानाच गेली आणि पौषात तिकडेच फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाली. मुलगा झाला. थंडी मरणाची, म्हणून अंकुशनं तिला वस्तीवरच्याच एका म्हातारीसोबत जीपनं घरी पाठवलं. खरं तर तिनं सरळ आईकडे यायचं. पण सासूचं सांगणं होतं, नातू आधी आपल्या घरचा उंबरा ओलांडू दे, एक रात्र तिथं काढ, मग आईकडे जा. त्यात वाईट काही नव्हतं. पहिला नातू.

संध्याकाळी मंगलनं जीपमधून फोन केला तेव्हा मी मावशीच्या ओसरीवर बसले होते. आरोही तापली होती, तिच्यासाठी गोळी घेऊन गेले होते. मावशी फोनवर इतकी मोठ्यानं बोलायची की पलीकडे फोनची गरज नसावी. कानाला घट्ट बांध. थंड पाण्याला हात लावू नको. मी सकाळी डिंक घेऊन येते. दार-खिडकी लावून घे, फटीत चिंध्या घाल, लेकराला वारं लागू देऊ नको. चूल पेटव, शेक घे. सगळं सांगितलं. फोन ठेवून ती माझ्याकडे बघून हसली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

सोबतची म्हातारी नंतर सांगायची, चूल पेटवल्यावर घरात फार धूर झाला. मंगल म्हणाली, लाकडं ओली असतील. दार उघडं ठेवून तिनं जाळ होऊ दिला. म्हातारीनं आपल्या घरून भाकरी-कालवण आणून दिलं आणि ती झोपायला गेली. जाळ खाली बसला, नुसते निखारे उरले, धूर थांबला. मग मंगलनं बाळासाठी दार लावून घेतलं, आणि आईनं सांगितल्यासारख्या फटीत चिंध्या घातल्या.

सकाळी मावशी डिंक घेऊन गेली. दार तोडावं लागलं. मी पोचले तेव्हा आई-लेकरू अंगणात ठेवलेले होते आणि मावशी त्यांच्याजवळ नव्हती. ती पत्र्यावर होती. पाईपातून पोतं बाहेर काढत होती. ते तिनंच दसऱ्याला घातलं होतं, फार घट्ट बसलं होतं, निघता निघत नव्हतं. खालून लोक ओरडत होते, सोजर, उतर. ती ऐकत नव्हती. पोतं निघाल्यावर ते मांडीवर घेऊन ती तिथंच बसली.

लोकांनी आपल्या परीनं अर्थ लावला. कुणी बाळंतवात म्हणालं. पण मावशी नको तेव्हा पत्र्यावर चढलेली सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे बोट पाईपाकडे गेलं. पोतं तर बंद घरांच्या सगळ्याच पाईपांत असायचं, त्याचं कुणाच्या मनात आलं नाही. पाईपात काहीतरी आहे, पाईपानं आई-लेकरू गिळलं. फाल्गुनात ऊसतोडीची माणसं परतली तशी ही गोष्ट घरोघर गेली आणि बाया पाईप काढायला लागल्या. पंधरा दिवसांत सात पाईप निघाले. कुणी त्यांचा नाल्याला उपयोग केला, कुणी उकिरड्यावर टाकले. पुन्हा पत्र्याच्या फटींतून धूर निघायला लागला. पोरं वर्गात डोळे चोळत बसायला लागली. मावशी घराबाहेर पडत नव्हती.

अंकुशनं आरोहीला तिच्याजवळच राहू दिलं होतं. भला माणूस. दर दोन-तीन दिवसांनी येऊन पोरीला बघून जायचा, सासूच्या पाया पडायचा. त्याला पोत्याचं नीट ठाऊक नव्हतं. तोही पाईपालाच दोष देत होता.

एक दिवस शाळा सुटल्यावर मावशी माझ्याकडे आली. वर आढ्याकडे पाहिलं नाही. खाली बघत म्हणाली, "बाई, सांगून टाकू का?"

मला कळलं. मी म्हटलं, "कशाला? गेलेली परत येणार नाही. उलट पोर जाईल. अंकुशची आई एक दिवस ठेवायची नाही तिला तुमच्याजवळ."

"आन् ह्या बायांचं? परत समद्या धुरात बसल्या."

"बसू देत. तुम्ही आयुष्यभर पुष्कळ केलंत."

मी हे म्हणाले. लपवण्यात अर्थ नाही. मला ती पोर तिच्या पाठीवर हवी होती, त्यापुढे दुसऱ्या बायांचे डोळे मला दिसले नाहीत. मावशी उठून गेली.

हनुमान जयंतीला देवळापुढे भंडारा होता. अख्खी वाडी पंगतीला. अंकुश, त्याचे आईवडील, सगळे. वरण वाढणं चाललं होतं. मावशी कधी पंगतीत बोलणारी नव्हे. ती उठून उभी राहिली. आरोहीचा हात धरलेला होता, तो तिनं सोडला.

"माझं आयका," ती म्हणाली. "पाईपानं कुणाला खाल्लं न्हाई. दसऱ्याला त्याच्या तोंडात पोतं मी घातलतं. ह्या हातानं. पोरीनं वाटंतून फोन केला, येतेय म्हणली. मी डिंकाचं सांगितलं, कानाचं सांगितलं. दार लावून घे म्हणलं. पोत्याचं माझ्या ध्येनात आलं न्हाई. पोरीची चूक न्हाई, पाईपाची न्हाई. माझी हाय. पाईप काढू नका. पोतं घालू नका."

एवढं बोलून ती खाली बसली. वरणाची बादली घेतलेला माणूस तसाच उभा राहिला. अंकुशनं पुढची पत्रावळ हातानं बाजूला केली आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी अंकुशची आई आली. तीही रडत होती. मावशीला म्हणाली, "इहीणबाई, तुमी खरं बोलल्या, त्येला मी काय बोलू? पण लेक गेली, नातू गेला. आता नातीला ह्या घरात मी कशाच्या जिवावर ठेवू?" मावशीनं पोरीचे दोन फ्रॉक, पाटी आणि तापाच्या औषधाची बाटली पिशवीत भरून दिली. आरोही रडली, हात सोडेना. मावशीनंच एकेक बोट सोडवलं. म्हणाली, "जा, च्या झाला असंल तिकडं." अंकुशच्या आईचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही.

पाईप मात्र परत बसले. सातांपैकी पाच तर महिन्याभरातच. मावशीनं कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बोटभर भोकांची जाळी आणली, तिच्या टोप्या वळल्या आणि प्रत्येक पाईपावर स्वतः चढून बसवल्या. पाखरू आत जायचं नाही आणि धूर अडायचा नाही. एका घरावर तिला चढता आलं नाही. तिथली टोपी तिनं माझ्याकडे दिली. मी ती अंकुशच्या हातात ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि बसवली. त्या उंबऱ्याशी मावशीचं येणं-जाणं तेवढ्यावरच संपलं. आरोहीला त्यांनी वस्तीजवळच्या दुसऱ्या शाळेत घातलं, त्यामुळे मलाही ती दिसेनाशी झाली.

यंदा माझी बदली गेवराईला झाली. निघायच्या दिवशी पहाटेच मी निरोप घ्यायला मावशीकडे गेले तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, माळावर असंल, रोजच असती. शाळेच्या मागच्या माळावर ती एका दगडावर बसलेली सापडली. तिथून ओढ्यापलीकडची वस्ती दिसते. मी शेजारी बसले. मी आठ वर्षं त्या माळाला पाठ करून शिकवत होते आणि ही दोन वर्षं रोज सकाळी तिथं येत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"सात वाजता त्या पाईपातून धूर येतो," ती म्हणाली. "इहीणबाई पोरीला च्या करती. धूर सरळ वर गेला की मी घरी जाते."

त्या दिवशी सात वाजले, सव्वासात झाले. आजूबाजूच्या घरांचे धूर वर गेले. त्या पाईपातून काही निघेना. मावशी उठायची, दोन पावलं टाकायची आणि परत बसायची. तिला जाता येत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, थांबा, मी बघून येते. ओढा ओलांडून मी अक्षरशः पळत गेले.

घरात सगळं ठीक होतं. आरोही दात घासत होती, मला बघून लाजली. केवढी उंच झाली आहे. अंकुशच्या आईनं मला बसवलं आणि कौतुकानं दाखवलं, कालच घरात गॅस जोडला होता. नवी शेगडी, तिला अजून हळदीकुंकवाची बोटं होती. चहा गॅसवरच उकळत होता.

मी परत येऊन मावशीला सगळं सांगितलं. पोरगी उंच झाली, हसली, बरी आहे. घरात गॅस आला आहे, आता चूल पेटत नाही, धूर नाही.

"गॅस आला व्हय," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले. "बरं झालं. लई बरं झालं. तिच्या डोळ्याला आता धूर न्हाई."

खाली रस्त्यावर माझी बस येताना दिसत होती. मी उठले, तिच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तो तिथंच राहिला, काढायचं तिला सुचलं नाही.

"पण बाई," ती म्हणाली, "आता पोरीचा च्या झाला का न्हाई, मला कळायचं कसं?"